चैत्रातील दोन डोंगर, दोन नद्या



वार्षिक परीक्षा संपतात तेव्हा बेंगळुरूच्या रस्त्यांवरील करंजांना नवी पालवी फुटलेली असते. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात. एका घरी कडुनिंब-गूळ, तर शेजारच्या घरी बेवु-बेल्ला वाटला जातो. चैत्रातील अशा मोकळ्या दिवसांत मुलांनी दोन दिवस डोंगर पायी चढावेत, ही सूचना वरकरणी करमणुकीची वाटेल. तिच्यामागे शिक्षणाचा विचार आहे.

पहिला दिवस नंदीदुर्गाचा. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर शहरापासून ६० किलोमीटरांवर आहे. मोटारीने माथा गाठणाऱ्यास धुके दिसते. पायऱ्यांनी चढणाऱ्यास तटबंदी, ग्रॅनाइटचे खडक आणि त्यांच्या भेगांतून रुजलेली झाडे दिसतात. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे प्राचीन मंदिर आहे. याच डोंगरात अर्कावती उगम पावते.

दुसरा दिवस शिवगंगेचा. तेथील उभ्या कातळावर चढताना हाताला साखळदंडाचा आधार लागतो आणि मागून येणाऱ्या सोबत्यासाठी थांबावेही लागते. या डोंगररांगेत कुमुद्वती उगम पावते. दोन्ही नद्यांच्या संगमाजवळ तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण आहे. १९३३ सालापासून बेंगळुरूला त्याचे पाणी मिळू लागले. त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अर्कावतीवरील हेसरघट्टा तलावातून शहराला नळाचे पाणी आले होते. म्हणजे या दोन डोंगरांवर पडलेल्या पावसावर बेंगळुरूच्या काही पिढ्या वाढल्या.

पुढे पाणलोटात निलगिरीची लागवड वाढली, कूपनलिका खोल गेल्या, ओढ्यांच्या वाटा बुजल्या आणि प्रवाह क्षीण झाले. आज शहराचे बरेचसे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, कावेरीतून, पंपांनी वर चढवून आणावे लागते. भूगोलाच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात आटोपते. चैत्राच्या उन्हात कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चालणाऱ्या मुलाला तोच परिच्छेद पायांनी समजतो.

भाषेचेही असेच आहे. बेंगळुरूतील मराठी मुलाची मराठी घर आणि वर्ग यांपुरती आक्रसत चालली आहे, ही चिंता अनेक पालकांना आहे. कडा, घळ, पाझर, खिंड, पठार हे शब्द इयत्तेच्या पुस्तकात भेटतात खरे; पण त्यांची गरज डोंगरातच पडते. वाट विचारताना त्याच मुलाला बेट्ट आणि केरे हे कन्नड शब्दही हवेसे होतात. १६३८ नंतर बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी नांदत, याची साक्ष जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त मिळते. या भूमीत मराठी रुजली ती शेजारभाषांशी संवाद राखूनच.

यासाठी मोठी सामग्री लागत नाही. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, दशम्या आणि एक वही पुरे. उन्हे चढण्यापूर्वी माथा गाठावा, कचरा परत आणावा आणि दिसलेल्या प्रत्येक ओढ्याची नोंद करावी: पाणी होते की नव्हते. माजी विद्यार्थ्यांनी वाटाडे व्हावे, पालकांनी सोबत चालावे. दरवर्षी त्याच ओढ्यांची नोंद झाली, तर दहा वर्षांनी शाळेजवळ त्या दोन नद्यांचा, मुलांनी मराठीत लिहिलेला, स्वतःचा इतिहास असेल.