आधी शाळा, मग घर

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात समाजाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि राज्य शासनात उपयंत्री म्हणून नोकरी करतो. पण कार्यकारिणी म्हणाली, ‘रामबागेतलं तीन पिढ्यांचं घर सोडून तुम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये का गेलात, ते एकदा सगळ्यांना सांगा.’ आमच्या पाठीमागे बरीच चर्चा झाली होती. भावांचं पटत नाही, सुनेला वेगळं राहायचं होतं, वगैरे. खरं कारण आमचा मुलगा आहे.

तो आता अकरा वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. इथल्या सरकारी हिंदी कागदांवर ‘स्वलीनता’ असं असतं. बोलणं, माणसांत मिसळणं, आवाज आणि स्पर्श सोसणं, या बाबतीत अशा मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. ती लाडाने होत नाही आणि आईने वेळ दिला नाही म्हणूनही होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सौ.ने हे टोमणे खूप ऐकले आहेत.

त्या वेळी माझी नेमणूक बडवानी जिल्ह्यात होती. मी शनिवारी यायचो, सोमवारी पहाटे निघायचो. शाळांचे उंबरठे सौ. एकटीच झिजवत होती. कुणी सांगायचं, सीट भरल्या. कुणी म्हणायचं, इतर पालक तक्रार करतील. माझी पुण्याची ताई म्हणाली, ‘इकडे या, इथे सोयी जास्त आहेत.’ खरंच आहेत. पण मध्य प्रदेश शासनाची नोकरी पुण्याला नेता येत नाही. पगार गेला तर थेरपीचे पैसे कुठून आणायचे? पुन्हा मी इथे आणि ती दोघं तिथे, असं झालं असतं. बाप आठवड्यातून एकदा दिसणं हे त्याच्यासाठी काय असतं, ते आम्ही पाहिलं होतं.

मग ठरवलं, इंदूरमध्येच राहायचं, पण घर शाळा पाहून घ्यायचं. अखेर एक शाळा मिळाली. नावाजलेली नाही, पण वर्गात मुलं कमी आणि एक विशेष शिक्षिका. प्राचार्यांनी आम्हाला विचारलं, ‘त्याला काय आवडतं?’ आधीच्या सगळ्यांनी विचारलं होतं, त्याला काय येत नाही. आमचा निर्णय तिथेच झाला.

शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. रामबागेतून व्हॅनने सकाळी पाऊण तास, दुपारी त्याहून जास्त. हॉर्नच्या आवाजाने तो कान दाबून रडत शाळेत पोचायचा. पहिले दोन तास त्याला शांत करण्यातच जायचे. शिकणार कधी? म्हणून शाळेपासून पायी दहा मिनिटांवर घर शोधलं. आता तो रोज त्याच रस्त्याने, त्याच झाडाला हात लावून जातो आणि हसत वर्गात शिरतो.

ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. घर एकदम विकत घेऊ नका. आधी अकरा महिन्यांच्या करारावर राहून पाहा. शाळेच्या वेळेलाच त्या रस्त्याने स्वतः जा. जवळपास उघडी विहीर, टाकी, तलाव आहे का ते बघा, कारण ही मुलं नजर चुकवून निघून जातात आणि अनेकांना पाण्याची ओढ असते. आणि शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. आम्ही सांगितलं, तेव्हापासून खालचे किराणावाले काका त्याच्यावर लक्ष ठेवतात.

हक्कही माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग म्हणून भेदभाव न करता प्रवेश द्यायला हवा, हेही त्यात आहे. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आणि माझ्यासारख्या नोकरदारांनो, आपल्या बदली धोरणात अशा मुलांच्या पालकांना, स्वखर्चाने का होईना, उपचार आणि शिक्षणाची सोय असलेल्या ठिकाणी नेमणूक मागता येते. मी त्यातूनच इंदूरला आलो. लाजून अर्ज न करणं, ही माझी तीन वर्षांची चूक होती.

आता जे गमावलं तेही सांगतो. आई रामबागेत दादाकडेच राहिली. निघताना तिने एवढंच विचारलं, ‘आणि गणपती?’ गणपती तिथेच बसतो. अनंत चतुर्दशीच्या झाक्या मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून रात्रभर पाहिल्या. माझा मुलगा ढोल ऐकला की पलंगाखाली शिरतो. त्यामुळे आम्ही सकाळी लवकर, कुणी यायच्या आधी रामबागेत जातो. आजी हळू आवाजात आरती म्हणते आणि घंटा तो वाजवतो. स्वतः वाजवलेल्या घंटेचा त्याला त्रास होत नाही. गेल्या वर्षी शेवटी त्याने ‘मोरया’ म्हटलं. आई दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत होती.

शेवटी समाजाला एकच विनंती. शाळेजवळ घर आम्ही शोधलं; ते आमचं काम होतं. पण या सभागृहात आम्ही तिघं मिळून कधी येऊ शकलो नाही. आजही सौ. त्याच्याजवळ घरी आहे. दहा दिवसांतली एक आरती लाउडस्पीकर आणि ढोलाशिवाय ठेवता येईल का? आपल्या समाजात आमचं एकच घर असेल, असं मला वाटत नाही. त्या दिवशी आम्ही तिघंही येऊ. घंटा मात्र त्याला वाजवू द्या.

गणपती बाप्पा मोरया!