'चालणे', पण कोणते?



पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला वडिलांचा व्यवसाय विचारला. 'अब्बा दुकान चालवतात' हे मनात जुळवून मी म्हणालो, 'माय फादर वॉक्स ए शॉप.' समोरची मंडळी हसली. मी खाली मान घालून बाहेर आलो.

चूक कोठे झाली? मराठीत माणूस चालतो, घड्याळ चालते, दुकानही चालते. उर्दूतील 'चलना'ची गतही तीच. इंग्रजीत मात्र 'वॉक' हे बहुधा पायांचे काम. दुकान, शाळा, घर चालवायचे तर 'रन'. मोटार चालवायची तर 'ड्राइव्ह', सायकल असेल तर 'राइड'. घड्याळ चालू असेल तर 'वर्किंग'. आणि आपले 'चालेल' म्हणजे 'दॅट विल डू'. तेथे चालण्याचा पत्ताच नाही!

'रन' म्हणजे धावणे, एवढेच पाठ करणारा मुलगा पुढे अडतो. 'रन ए फीव्हर' म्हणजे अंगात ताप असणे. 'रन शॉर्ट ऑफ मनी' म्हणजे पैसे कमी पडणे.

म्हणून मुलांनो, सुटा शब्द पाठ करू नका. त्याच्या सोबत्यासह वहीत लिहा. रोज एक जोडी आणि तिचे एक स्वतःचे वाक्य. पालकांनो, आपणांस इंग्रजी येत नसले तरी ती वही रात्री मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

आणि कोणी हसले म्हणून बोलणे थांबवू नका. मी दोन वर्षे थांबवले होते. तो तोटा त्या चुकीहून मोठा होता.