लवकर परतावं की उशिरा? तेनो नदीच्या सॅमनची गोष्ट

मागे आम्ही शेततळ्यातल्या माशांवर बोललो होतो, तेव्हा एका गटाने विचारलं होतं, “लहान मासा काढला काय आणि मोठा काढला काय, फरक काय पडतो?” शेततळ्यात फार पडत नाही. कटला, रोहू साचलेल्या पाण्यात अंडी देतच नाहीत, बीज आपण विकत आणून सोडतो. पण नदीत, जिथे बीज मासाच घालतो, तिथे खूप फरक पडतो. त्यासाठी आज आम्ही तुम्हाला लांब नेणार आहोत, युरोपच्या पार उत्तरेला, तेनो नदीवर.

ही नदी नॉर्वे आणि फिनलंड यांच्या सीमेवरून वाहते. हिवाळ्यात गोठते. काठावर सामी लोक राहतात, आणि त्यांचं जगणं पिढ्यान् पिढ्या सॅमन माशावर चालत आलंय. आपल्याकडचा पाला, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो ना, तसाच हा. पिल्लू नदीत तीन-चार, कधी पाच वर्षं काढतं, मग समुद्रात जातं, भराभर वाढतं आणि वासाच्या ओळखीवर आपल्याच नदीत परत येतं. आता प्रश्न असा, की परत कधी यायचं?

काही मासे समुद्रात एकच वर्ष काढून येतात. वजन दीड-दोन किलो. सामी भाषेत अशा लहान सॅमनला ‘दिद्दी’ म्हणतात. आम्हाला ऐकून हसू आलं, आपल्या दीदीसारखंच! काही मात्र तीन-चार वर्षं थांबतात आणि दहा-दहा किलोचे होऊन येतात. मादीच्या दर किलो वजनामागे साधारण दीड हजार अंडी धरा. म्हणजे दोन किलोची मादी तीन हजार अंडी घालणार आणि दहा किलोची पंधरा हजार. शिवाय मोठी मादी शेपटीने गोट्यांमध्ये खोल खड्डा करते, त्यामुळे पुराने अंडी उघडी पडायची भीती कमी.

मग सगळ्याच का थांबत नाहीत? कारण समुद्रात सील आहेत, मोठे मासे आहेत, जाळी आहेत. जितकी वर्षं थांबाल तितका धोका. थांबलेल्यांपैकी बऱ्याच परततच नाहीत, आणि जी परतली नाही तिची अंडी शून्य.

नरांची तर आणखी तऱ्हा. काही नर समुद्र बघतच नाहीत. बोटभर लांबीचे असतानाच वयात येतात. मोठे नर मादीसाठी मारामारी करत असतात, तेव्हा हे दगडाआड दबा धरून बसतात, ऐन वेळी मध्ये घुसतात आणि काही अंडी आपली करून घेतात.

हे वय कळतं कशावरून? खवल्यांवरून. आपण मासा साफ करताना जे उडवून टाकतो, त्याच खवल्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. उन्हाळ्यात लांब लांब, हिवाळ्यात दाटीने. तेनोवरचे मासे धरणारे लोक १९७० च्या दशकापासून असे खवले अभ्यासकांना देत आलेत. आम्हाला वाटतं, यातली खरी मेहनत त्यांची आहे.

२०१५ साली शास्त्रज्ञांना या सॅमनमध्ये एक जनुक सापडलं. परतीच्या वयातला सुमारे ३९ टक्के फरक त्या एकाच जागेवरून ठरतो. त्यात गंमत अशी, की एका बाजूने ‘लवकर’चा आणि दुसऱ्या बाजूने ‘उशिरा’चा असा मिसळ वारसा आला, तर भाऊ बहुधा लवकर परततो आणि बहीण उशिरा. मोठं होण्याचा फायदा मादीला अंड्यांत मिळतो, म्हणून असं असावं.

पण जपून ठेवलेल्या खवल्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. चाळीसेक वर्षांत ‘उशिरा’चा वारसा तेनोत कमी होत गेला. याचा एक धागा जातो कॅपेलिन नावाच्या छोट्या माशाकडे. समुद्रात मोठा होणारा सॅमन हा मासा खातो. बोटी तो धरतात आणि त्याचं खाद्य करून पिंजऱ्यात पाळलेल्या सॅमनला घालतात. कॅपेलिन घटला, की जास्त वर्षं थांबणाऱ्याचं पोट भरत नाही आणि लवकर परतणाऱ्याचं फावतं. म्हणजे पाळलेल्या सॅमनचं खाद्य रानटी सॅमनच्या तोंडून काढलं जातंय. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

पुढे नदीत चढणारा सॅमन इतका घटला, की २०२१ मध्ये तेनोवर तो धरायलाच बंदी आली, सामी घरांनाही. जाळं कसं लावायचं, होडी कुठून न्यायची, हे मुलं नदीवर मोठ्यांबरोबर राहून शिकतात. बंदी आल्यावर आजी-आजोबांना ते नुसतं तोंडी सांगावं लागलं. पाण्याखाली ध्वनिलहरी सोडून वर चढणारे मासे मोजले जातात, आणि उन्हाळा आला, की काठावरचे लोक त्या आकड्याची वाट बघतात.

पुढच्या वेळी परत शेततळ्यावर येऊ. मत्स्यबीज विकत घेताना काय बघायचं, ते बोलू. नमस्कार.