मोटारीचा रंग आणि खानदेशांतील हिवाळा

आश्विन सरूं लागला, पावसानें पाठ फिरविली, म्हणजे जळगांव-धुळ्याकडील घराघरांतून आवराआवर सुरू होते. गाद्यांना ऊन दाखविलें जातें, भिंतींना रंगाचा हात दिला जातो, तांब्या-पितळेचीं भांडीं चिंचेनें घासून लख्ख केलीं जातात. या कामांच्या यादींत आतां दारांतल्या मोटारीचीहि भर पडली आहे. चार महिने चिखल आणि पाऊस सोसलेल्या गाडीला थंडीपूर्वीं मेणाचा हात द्यावा, असें मोटारींवरील पुस्तकांतून आवर्जून सांगितलेलें असतें. सल्ला चांगला आहे. परंतु तो ज्या देशांत जन्मला तेथील हिवाळा आणि तापीच्या खोऱ्यांतील हिवाळा यांत फार मोठें अंतर आहे. तें अंतर ध्यानांत न घेतां सल्ला पाळला, तर श्रम आणि पैसा खर्चूनहि रंग वांचत नाहीं.

उत्तर अमेरिकेंत व युरोपांत थंडीच्या दिवसांत रस्त्यांवर बर्फ सांचतो. तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. हें खारें पाणी चाकांबरोबर उडून पत्र्यावर बसतें, आणि जेथें रंगाचा टवका उडाला असेल तेथें लोखंडाला झपाट्यानें गंज चढवितें. शिकागो किंवा टोरांटो येथें संसार थाटलेल्या मराठी कुटुंबानें थंडीपूर्वीं गाडीला मेण लावलें, तर तें या मिठाशीं दोन हात करण्यासाठीं. खानदेशांत बर्फ नाहीं, आणि मीठहि नाहीं. धुळ्याचा पारा एखाद्या रात्रीं दहा अंशांच्या खालीं उतरतो खरा, पण दुपारीं ऊन पुन्हां चांगलेंच तापतें. एवढ्या गारव्यानें मोटारीच्या रंगाला कांहींहि होत नाहीं. येथील रंग थंडीनें बिघडत नाहीं. थंडीच्या सकाळीं गाडी ज्या रीतीनें पुसली जाते, त्या रीतीनें तो बिघडतो.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं मोटारीचा रंग म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. अगदीं पहिल्या मोटारींना घोड्यांच्या बग्गीप्रमाणेंच रोगणाचे थरावर थर देत, आणि ते वाळावयास कित्येक आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ नांवाचा झटपट वाळणारा रंग मोटारींवर वापरला जाऊं लागला आणि कारखान्यांतील हें काम तासांवर आलें. त्या काळच्या रंगांवर उन्हापावसानें पांढुरकी भुकटी धरे. ती पॉलिशनें घासून काढली कीं खालचा ताजा रंग वर येई. घासलें म्हणजे गाडी उजळते, ही समजूत तेव्हांपासूनची आहे, आणि त्या काळीं ती खोटी नव्हती.

१९८० नंतरच्या मोटारींत मात्र रचना पालटली. पत्र्यावर गंज रोखणारा अस्तराचा थर, त्यावर रंगाचा थर, आणि सर्वांत वर कांचेसारखा पारदर्शक, बिनरंगी थर, असे पुटावर पूट चढविलेले असतात. गाडीची चकाकी असते ती या शेवटच्या थराची. सूर्याच्या किरणांतील अतिनील भाग शोषून घेणारीं द्रव्येंहि त्यांतच मिसळलेलीं असतात. हा थर साधारणपणें ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा किंवा त्याहूनहि कमी, असतो. माणसाच्या डोक्याचा केस बहुधा याहून जाड भरेल. एवढ्या पातळ पापुद्र्यावर दारांतल्या गाडीचें सारें रूप अवलंबून आहे, आणि घासण्यानें तो प्रत्येक वेळीं थोडा थोडा झिजतो. झिजलेला थर कोणत्याहि मेणानें परत येत नाहीं.

आतां खानदेशांतील थंडीची सकाळ पाहूं. आकाश निरभ्र असतें, वारा पडलेला असतो. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचें टप रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडतें आणि भोंवतालच्या हवेहूनहि गार होतें. म्हणून दंव पडतें तें आधीं टपावर आणि कांचांवर. छपराखालीं किंवा कडुनिंबाखालीं उभी असलेली गाडी बहुधा कोरडी राहते, तें याच कारणानें. दिवसभर उडालेली धूळ या दंवांत कालवली जाते आणि ऊन वर आलें कीं पातळ चिखलाच्या रूपानें वाळून रंगाला घट्ट धरून बसते.

ही धूळहि साधी नव्हे. काळ्या कपाशीच्या जमिनीची माती बोटांना मऊ लागते. पण तिच्यांत चुनखडीचे बारीक खडे असतात, नदीकांठच्या मातींत वाळू असते, आणि रस्त्यांच्या कामावरून काळ्या दगडाच्या खडीचा भुगा उडत असतो. धुळें हें मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या रस्त्यांच्या नाक्यावर वसलेलें आहे, आणि जळगांव यांतील दुसऱ्या रस्त्यावरच आहे. ट्रकांच्या रहदारीनें उडणारी धूळ दोन्ही गांवांना चुकत नाहीं. वाळूंतील गारेचा कण कांचेलाहि चरा पाडतो. मग मोटारीवरील थराची काय कथा!

अशा गाडीवर सकाळीं कोरडें फडकें फिरलें म्हणजे तें फडकें राहत नाहीं, पॉलिश-कागद होतें. पहिल्या दिवशीं कांहीं दिसत नाहीं. दोन-तीन महिन्यांनीं भर उन्हांत गाडीच्या बॉनेटवर पाहिलें, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं असंख्य बारीक वर्तुळें दिसतात. गाडी जुनी दिसूं लागली असें घरांत म्हटलें जातें. वास्तविक ती वयानें जुनी झालेली नसते, रोजच्या सेवेनें झालेली असते.

येथें दोष कोणाचा, हाहि विचार करण्यासारखा आहे. पहांटे पांच-सहा गाड्या आटोपून दुसऱ्या कामावर जाणाऱ्या माणसाच्या हातीं घरधन्यानें एक जुनें फडकें दिलेलें असतें, आणि गाडी रोज चकचकीत दिसली पाहिजे अशी ताकीद दिलेली असते. पाण्याची बादली त्याला मिळतेच असें नाहीं. तो सांगितलें तेंच करतो, आणि पुढें ओरखड्यांबद्दल बोलणींहि तोच खातो. रंग वांचवावयाचा असेल तर या माणसाला बोल लावण्याऐवजीं, गाडी रोज पुसली नाहीं तरी चालेल, पण कोरडी कधीं पुसूं नये, एवढी एकच गोष्ट त्याला नीट समजावून द्यावी आणि त्यासाठीं लागणारें पाणी व कापड त्याच्या हातीं ठेवावें.

पाणी म्हटलें कीं खानदेशांतील गृहिणीच्या कपाळाला आठी पडते, आणि तें साहजिक आहे. पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें पाळीपाळीनें पाणी वांटून शेती करणाऱ्या या मुलुखाला पाण्याचें मोल शिकविण्याची गरज नाहीं. नळी मोकळी सोडून गाडी धुणें हें येथें शोभतहि नाहीं आणि त्याची आवश्यकताहि नाहीं. आठवड्यांतून एकदां तीन बादल्या पुरतात. पहिली बादली तांब्यातांब्यानें टपापासून खालीं ओतावी, म्हणजे सुटी धूळ हात न लावतां वाहून जाते. दुसऱ्या बादलींत गाडीसाठीं मिळणारा सौम्य साबण घालावा आणि मऊ कापडानें वरून खालीं पुसत यावें. तिसरी बादली स्वच्छ पाण्याची. तींतील थोडें पाणी कापड खळबळण्यासाठीं वेगळें काढावें; मळकें कापड साबणाच्या पाण्यांत थेट बुडवूं नये. उरलेलें पाणी शेवटीं गाडीवरून ओतावें. चाकें आणि खालचा चिखलाचा भाग सर्वांत शेवटीं, आणि त्यासाठीं कापड निराळें.

विंधनविहिरीचें पाणी बहुधा जड असतें. तें उन्हांत रंगावर वाळलें तर त्यांतील क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि कांहीं दिवसांनीं ते रंगांत मुरल्यासारखे होतात. म्हणून गाडी सावलींत धुवावी आणि लगेच मऊ, ओलसर कापडानें टिपून घ्यावी. कपडे धुण्याची पूड किंवा सोडा वापरूं नये. त्यानें मळाबरोबर मेणहि उतरतें. रॉकेल वा डिझेलचा बोळा फिरवून आणलेली चमक तर निव्वळ फसवी. तिच्यावर दुसऱ्या दिवशीं दुप्पट धूळ बसते.

गाडी अशी स्वच्छ झाल्यावरच मेणाचा विचार करावयाचा. त्यापूर्वीं एक सोपी परीक्षा घ्यावी. हातांत पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हलकेच बोटें फिरवावीं. खरखर लागली तर धुण्यानें न निघणारे कण अजून रंगाला चिकटून आहेत असें समजावें. ते काढण्यासाठीं मोटारींच्या सामानाच्या दुकानांत खास मातीची मऊ वडी मिळते. ती ओल्या पृष्ठभागावर हलक्या हातानें फिरवली कीं कण वडींत रुततात. पॉलिश आणि मेण यांतला भेदहि येथेंच लक्षांत घ्यावा. पॉलिश थराचा अंश खरवडून काढतें. मेण त्यावर नवा थर चढवितें. पहिलें क्वचित् आणि जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावें. दुसरें दर दोन-तीन महिन्यांनीं घरच्या घरीं करतां येतें.

स्वच्छता आधीं आणि लेप मागून, हा क्रम कां मोडूं नये, याचा एक मोठा दाखला जळगांवपासून साठेक किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या रक्षणासाठीं निजाम सरकारनें १९२० च्या सुमारास लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केलें होतें. भिंतींपासून सुटत चाललेले रंगाचे पापुद्रे त्यांनीं पुन्हां चिकटविले. तें काम मोलाचें होतें. परंतु त्याबरोबर चित्रांवर लाखेच्या रोगणाचा हातहि देण्यांत आला. काळ लोटला तसें तें रोगण पिवळें पडलें, मूळ रंग त्याखालीं झांकोळले, आणि तें उतरविण्याचें अतिशय नाजूक काम पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना हातीं घ्यावें लागलें. मोटारीची तुलना त्या चित्रांशीं करण्याचें कारण नाहीं. पण रक्षणासाठीं दिलेला लेप आपल्याखालीं जें असेल तें कोंडून ठेवतो आणि काढावयास कठीण होतो, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. वर्षानुवर्षें टिकणारे सिलिकायुक्त सिरॅमिक लेप आज शहरोशहरीं दिले जातात. ओरखडे तसेच ठेवून त्यांवर असा लेप दिला, तर ओरखडेहि लेपाइतकेच दीर्घायु होतात.

मेण लावण्यास दसरा ते दिवाळी हा काळ उत्तम. पाऊस सरलेला असतो आणि ऊन फार प्रखर नसतें. पत्रा हाताला गार लागेल अशा वेळीं, सावलींत, एका वेळीं एकाच भागावर अगदीं पातळ थर द्यावा. तो धूसर दिसूं लागला कीं स्वच्छ मऊ कापडानें पुसून घ्यावा. जाड थरानें रक्षण वाढत नाहीं, केवळ पुसण्याचे श्रम वाढतात. ब्राझिलमधील ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून निघणारें कार्नोबा मेण नैसर्गिक मेणांत फार कठीण असतें. तें ८२ अंशांच्या पुढेंच वितळतें. दिवाळीनंतर फटाक्यांची राख गाडीवर दिसली तर तीहि पाण्यानेंच काढावी. पक्ष्यांची विष्ठा आम्ल असते. ती दुपारचें ऊन लागण्यापूर्वीं ओल्या कापडानें भिजवून उचलावी. घासूं नये.

खानदेशांत मोटारीच्या रंगाची खरी कसोटी हिवाळ्यांत नसून वैशाखांत लागते. त्या वेळीं सावलींतील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि गडद रंगाचा पत्रा हात ठेववत नाहीं इतका तापतो. वरचा पारदर्शक थर शाबूत असेल तरच खालचा रंग त्या उन्हांत टिकतो. हा थर शाबूत राखण्याची वेळ मात्र थंडीची असते. मेण संपलें कीं नाहीं, हें ओळखण्यास तांब्याभर पाणी पुरे. पाणी गोल थेंबांनीं ओघळलें तर मेण आहे. पसरून राहिलें तर तें गेलें, पुन्हां लावावें. आणि ज्या घरीं मेण आणावयास सवड नसेल, त्या घरानें निदान उद्यांपासून गाडीवर कोरडें फडकें फिरूं देऊं नये. एवढें एक पथ्य पाळलें तरी रंगाचें आयुष्य वाढेल, आणि त्यासाठीं एक पैसाहि पडणार नाहीं.