वारेतलं रक्त कोणाचं?



 रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांच्या या सभेची अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायला हवा होता. तो अहवालात छापलेला आहे. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे: बाळ जन्मल्यावर नाळेत आणि वारेत उरणारं रक्त. पूर्वी वार परसात पुरत, आता ती आपल्या लेबर रूममधल्या पिवळ्या पिशवीत जाते. त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत त्या रक्ताचं काय करायचं, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती आलेला आहे, आणि तो आपण पुरेशा गांभीर्याने वापरत नाही असं माझं मत आहे.

या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी त्यांचा पहिला यशस्वी वापर केला. रुग्ण अमेरिकेतला एक लहान मुलगा होता, आजार फॅन्कोनी अ‍ॅनिमिया. त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त हॅल ब्रॉक्समायर यांच्या इंडियानातल्या प्रयोगशाळेने गोठवून ठेवलं आणि ते तसंच अटलांटिकपलीकडे नेलं गेलं. मुलगा बरा झाला. पुढे नव्वदच्या दशकात पाब्लो रुबिनस्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक पेढी उभी केली. तिथे आई रक्त दान करते आणि ज्याच्याशी ते जुळेल त्याला ते मिळतं.

आपल्याकडे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वाट त्याआधीच खुली झाली होती. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. पण ज्याला जुळणारं भावंडच नाही, त्याने काय करायचं? नाळेतल्या रक्ताने इथे आशा दिली, कारण त्यातल्या पेशी अननुभवी असतात आणि जुळणी थोडी कमी पडली तरी चालते. हर्लर सिंड्रोमसारख्या दुर्मीळ चयापचय विकारांत आणि जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांत त्याचा मोठा उपयोग झाला. अडचण आहे ती पेशींच्या संख्येची. एका पिशवीतल्या पेशी लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला बहुधा अपुऱ्या पडतात. त्या रुजायलाही जास्त दिवस घेतात आणि तेवढे दिवस जंतुसंसर्गाची टांगती तलवार असते. गेल्या काही वर्षांत आईवडिलांची अर्धी जुळणारी अस्थिमज्जा वापरण्याचं तंत्र चांगलं बसल्याने नाळरक्ताची मागणी जगभर घटली आहे. हे नाळरक्त साठवणाऱ्या खासगी कंपन्यांच्या कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं मी पाहिलेलं नाही.

ती गुळगुळीत माहितीपत्रकं आता लांजा-राजापूरपर्यंत पोचली आहेत. पहिलटकरीण माहेरी येते, नवरा मुंबईहून शनिवार-रविवार धरून येतो आणि दोघं फाइलमधून ते पत्रक काढतात. मागे असंच एक जोडपं आलं होतं. बरोबर मुलीची आई होती. ती म्हणाली, “बाई, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणतात. कलमांचे पैसे आले की हप्ता भरू. पण खरंच लागेल का हो ते?” साठ-सत्तर हजारांचा प्रश्न होता. त्या माउलीला आपण काय उत्तर देतो, यावर आपली परीक्षा आहे.

उत्तर असं आहे. थॅलॅसेमिया किंवा सिकलसेल बाळाच्या जनुकांतच असेल तर त्याच्या स्वतःच्या नाळरक्तातही तोच दोष असतो; ते परत त्यालाच देऊन उपयोग नाही. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगात रोगाचं बीज पुष्कळदा जन्माआधीच पडलेलं असतं, म्हणून तिथेही स्वतःचं रक्त टाळतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ च्या सहमती निवेदनात स्वतःचं साठवलेलं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के सांगितली. म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. ‘जैविक विमा’ म्हणून खासगी साठवण करण्याची शिफारस संघटनेने केलेली नाही. स्वमग्नतेवर मूळपेशींचे उपचार करू नयेत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही २०२२ मध्ये बजावलं आहे. तरीही त्या नावाने पालकांना आशा दाखवली जाते, याचा मला संताप येतो.

आता लेबर रूममध्ये या. पिशवी भरायची म्हणजे नाळेला चिमटा लावायचा, ती पुसून निर्जंतुक करायची, नाळेच्या शिरेत सुई घालायची आणि रक्त गोठू न देणारं द्रावण असलेली पिशवी खाली धरायची. जास्त रक्त हवं तर चिमटा लवकर लावावासा वाटतो. इथे गोष्ट बिघडते. नाळ धडधडत असते तोवर वारेतलं रक्त बाळाकडेच चाललेलं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांपर्यंत १०० मिलिलिटर. त्यातलं लोह त्याला पुढचे कित्येक महिने पुरतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मिनिटभराच्या आत नाळ बांधू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. अशा राज्यात बाळाचं रक्त बाळाला मिळू न देता ते उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवायला पाठवणं मला पटत नाही. गुदमरलेल्या बाळाची गोष्ट वेगळी; तिथे पुनरुज्जीवन आधी.

साठवण कुठे करावी, तेही सांगते. घरात आधीच थॅलॅसेमियाचं मूल असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर त्या बाळाचं रक्त जरूर साठवा. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते आणि पेशी कमी पडल्या तर पुढे त्याच भावंडाची अस्थिमज्जा जोडीला घेता येते. मात्र त्याआधी गर्भाला तोच आजार नाही ना, हे तपासा. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था हे निदान करते आणि बोरिवलीला महापालिकेचं प्रत्यारोपण केंद्र आहे. देशात तीन-चार टक्के लोक थॅलॅसेमियाचे वाहक आहेत. “आमच्या कोकणात हा आजार नाही” हे वाक्य आपण सोडून द्यायला हवं. पहिल्या तिमाहीत आईची तपासणी करा, ती वाहक निघाली तर वडिलांचीही. या तपासणीला काही हजारही लागत नाहीत आणि तिच्यामुळे एक अख्खं घर दर महिन्याच्या रक्ताच्या बाटलीपासून वाचतं.

सार्वजनिक पेढी रत्नागिरीत हवी, अशी मागणी मी करणार नाही. ती फार खर्चीक असते आणि हजारो नमुने जमल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा इथल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना मूळपेशीदाता म्हणून नोंदवा. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, एवढंच. भारतीय रुग्णाला भारतीय दाता जुळण्याची शक्यता जास्त, आणि आपल्या नोंदणीतले दाते अजून फारच थोडे आहेत.

शेवटचं थोडं कडू आहे. खासगी साठवणीच्या प्रत्येक नोंदणीमागे डॉक्टरला ‘मानधन’ मिळतं, हे या सभागृहात कुणाला नवं नाही. ज्या कंपनीकडून आपण पैसे घेतो, तिच्याबद्दल त्या माउलीला खरं सांगणं कठीण जातं. म्हणून ते घेऊ नये, आणि घेत असाल तर पालकांना तसं सांगावं. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात लावण्यासाठी मी मराठीत एका पानाचा मजकूर तयार केला आहे: रक्त केव्हा साठवावं, केव्हा साठवू नये, नाळ केव्हा बांधावी आणि डॉक्टरचा त्यात आर्थिक संबंध आहे की नाही. प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणानंतरच्या सत्रात त्यावर ओळीओळीने चर्चा करू. खोडायचं ते खोडा, पण संध्याकाळपर्यंत तो मंजूर करून घेऊ.