शेत कोणी निवडले, हे आधी विचारा
(शहापूर-मुरबाड तालुक्यांच्या कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



भात पिकले की टेप, खुंट्या, दोरी आणि काटा घेऊन सरकारी माणूस गावात येतो. एका खाचरात चौकोन आखतो, तेवढेच कापतो, झोडतो, वजन करतो. हाच पीक कापणी प्रयोग. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत उत्पन्नातल्या घटीची भरपाई या वजनावर ठरते. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन, तिला जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पन्न काढतात. यंदाची सरासरी त्याखाली गेली तरच पैसे.

आता हिशेब करा. चौकोन ५ मीटर बाय ५ मीटर धरला, तर तो हेक्टरचा चारशेवा भाग. त्यात एक किलो भात जास्त भरले की कागदावर हेक्टरी चार क्विंटल वाढले! दोरीबाहेरची एक ओळ आत ओढली तरी आकडा फुगतो.

ही फूग पुराव्याने दाखवली ती आपल्याच माणसाने. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात सिद्ध केले की, चौकोन जितका लहान, तितकी कडेची रोपे आत घेण्याची चूक मोठी, आणि उत्पन्न खोटेच जास्त दिसते. संख्याशास्त्री महालनोबिस लहान कापणीच्या बाजूचे होते. दोघांचा वाद गाजला. पण शेत चिठ्ठीनेच निवडायचे, यावर दोघांचेही एकमत होते.

महसूल मंडळ हे विम्याचे एकक असेल तर नियमाने किमान दहा प्रयोग. तुम्ही विचाराल, एवढ्या शेतांना दहा पुरतात? शितावरून भाताची परीक्षा होते ना! पण भात ढवळून शीत घ्यावे लागते. वरचेच घेतले तर खालचे करपलेले कळत नाही. आपल्याकडे माळावर हळवे, खोलगट खाचरात गरवे. सगळे प्रयोग सडकेलगतच्या हळव्यात उरकले, तर परतीच्या पावसाने आडवे झालेले गरवे हिशेबात येतच नाही. अशी दहा काय, शंभर शेते कापली तरी चूक तीच राहते.

काही जण म्हणतात, "साहेबांना आपले पडलेले खाचरच दाखवू." भावांनो, तेही वरचेच शीत. शिवाय आज मुद्दाम कमी लिहिलेला आकडा पुढच्या सात वर्षांच्या हिशेबात बसतो. त्यातली दोन वाईट वर्षे गळतात. तिसरे आले की उंबरठाच खाली उतरतो. मग खऱ्या दुष्काळात हात रिकामे!

तेव्हा शेत निवडायचा हक्क ना त्यांचा, ना आपला. तो चिठ्ठीचा. प्रत्येक गावात दोघांनी हजर राहायचे आणि चार गोष्टी पाहायच्या. निवडलेला गट नंबर कापणीआधी वाचून दाखवला का? चौकोनाचा कोपरा चिठ्ठीत आलेल्या पावलांनीच ठरला का? दोरी ताणून, कडेची रोपे बघून कापले का? ओल्या भाताचे वजन वाळल्यावर पुन्हा धरले का? चारही उत्तरे तारखेसह वहीत लिहा, सह्या घ्या. भरपाईच्या वेळी घोषणेपेक्षा ती वही जास्त बोलेल.