जपानचे किल्ले, कराओके आणि आपला राजवाडा
(सियागंज येथे गणेशोत्सवात झालेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, तेव्हापासून पाया, भिंत आणि गळती हेच आमचे विषय. पण आमच्या नात्यातली दोन मुले ओसाकाला शिकतात. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. कधी किल्ला दाखवतात, कधी कराओके. त्या निमित्ताने जे वाचले आणि समजून घेतले, ते बाप्पापुढे मांडत आहोत.

ओसाकाचा किल्ला हिदेयोशीने 1583 मध्ये बांधायला घेतला. 1615 च्या लढाईत तो जळाला. पुढे तोकुगावांनी पुन्हा उभारला, तर 1665 मध्ये वीज पडून मुख्य बुरूज गेला. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे तिथे बुरूजच नव्हता. आज दिसतो तो 1931 चा, काँक्रीटचा, आत चक्क लिफ्ट! आणि तो उभा राहिला शहरातल्या लोकांनी दिलेल्या पैशांतून. म्हणजे वर्गणी काढणारे आपण एकटेच नाही.

तिथून रेल्वेने तासाभरावर हिमेजी. हा किल्ला मात्र अस्सल लाकडी. मोठा बुरूज 1609 मध्ये पुरा झाला. बाहेरून पाच मजली दिसतो, आत सहा मजले आणि तळघर. जोडे काढून पिशवीत घ्यायचे आणि आपल्या जुन्या वाड्यांतल्यासारखे उभे जिने चढायचे. पांढराशुभ्र दिसतो तो चुन्याच्या गिलाव्यामुळे. शोभेबरोबर आगीपासून बचाव हाही त्या गिलाव्याचा हेतू. 1956 ते 1964 या काळात अख्खा बुरूज खोलून, दुरुस्त करून पुन्हा जोडला. आमच्यासारख्या बांधकामवाल्याला याचेच मोठे कौतुक. 1993 मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला.

तिथे एका जपानी मित्राने आमच्या मुलांना विचारले, तुमच्या गावात काय आहे? मुले म्हणाली, राजवाडा, सात मजली. तो कशाचा बांधलाय, कोणी बांधला, पुढे त्याचे काय झाले? मुले गप्प. ऐकून आम्हाला लागले. मुले हुशार आहेत, पण त्यांना आपण कधी सांगितलेच नाही. सियागंजात किराणा घेऊन राजवाड्यावरून घरी जातो, पण मान वर करून बघत नाही.

म्हणून आज सांगतो. होळकरांच्या या वाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. तो एकदा नव्हे, अनेकदा आगीत सापडला. 1984 च्या दंगलीत मागचा भाग जळाला, आणि पुढे तो जुन्या धाटणीनेच पुन्हा बांधला गेला. ओसाकाची गोष्ट आपल्या दारातच आहे. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. ही नावे तरी मुलांना पाठ हवीत.

आता कराओके. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. गाणाऱ्याची जागा रिकामी, वाद्ये तयार. कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी 1971 मध्ये असे यंत्र केले, पण पेटंट घेतले नाही. तिकडे तासावर छोट्या खोल्या भाड्याने मिळतात. परक्या देशात, भाषा अर्धवट येत असताना, मुलांना माणसे जोडून मिळाली ती त्या खोलीत. प्रत्येकाची पाळी येते, बेसूर गायले तरी टाळ्या पडतात, आणि दुसऱ्याचे गाणे संपेपर्यंत थांबावे लागते. आमच्या पोरीने तिथे लताबाईंचे गाणे म्हटले आणि अभिमानाने सांगितले, यांचा जन्म 1929 चा, आमच्या इंदूरचा. तेवढे मात्र तिला ठाऊक होते!

आपल्याकडे काय होते? डीजे गातो, आपण कानात बोटे घालतो. एकेकाळी याच उत्सवात मेळे होते, घरातली माणसे गात होती. अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघा. मिल बंद पडून वर्षे लोटली, तरी कामगारांनी झांकी सोडली नाही. मनात आणले तर टिकते.

तेव्हा मंडळाला दोन विनंत्या. उत्सवातल्या एका सकाळी मुलांना चालत राजवाड्यापर्यंत न्यावे आणि जाणत्या माणसाकडून माहिती द्यावी. आणि एका संध्याकाळी प्रत्येक घराने एक गाणे म्हणावे, स्पर्धा नको, बक्षीस नको. खर्च फार नाही, माइक आपला आहेच.

जाता जाता एक. ओसाकाजवळ इकोमा डोंगरावर होझान-जी मंदिर आहे. तिथे आपल्या गणपतीची कांगितेन या नावाने उपासना चालते, मात्र मूर्ती सहसा दाखवत नाहीत. मुलांनी बाहेरूनच हात जोडले. बाप्पा तिथेही आहे. मुलांजवळ आपली गोष्टही असली पाहिजे, ती आपण द्यायची.

गणपती बाप्पा मोरया!